अजयच्या जागा

माझा नवरा अजय मला सगळं सांगतो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या इंजिनात पाणी गेलं, कोण कुणाशी बोलत नाही. फक्त मासळी कुठे मिळते ते सांगत नाही. देवबागात गळाने मासे धरणारे सगळेच असे. पाण्याखाली एखादं खडप, म्हणजे खडकाळ जागा, सापडलं की तांबोशीसारखी महागडी मासळी मिळते, आणि ते खडप दुसऱ्याला कळलं की संपलं. म्हणून बायकोलाही सांगायचं नाही. ‘मी काय होडी घेऊन तुझ्या मागून येणार आहे?’ असं मी चिडून विचारायची, आणि तो हसून जेवायला बसायचा.

त्या दिवशी मात्र मला त्या गुपिताची भीती वाटली. आदल्या संध्याकाळी एकटाच गेलेला अजय सकाळी परतायला हवा होता. दुपार झाली, फोन लागेना, आणि वारा फिरला. पोलिसांना कळवलं. वाडीतल्या होड्या निघायला तयार झाल्या. पण सगळ्यांचा प्रश्न एकच, गेला कुठे? मला माहीत नव्हतं. माझे सासरे, दाजी, त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दर्या सोडल्यानंतरच्या जागा अजयने स्वतः शोधलेल्या.

एकच आशा होती. मागे त्याचा जीपीएसचा सेट बिघडून साठवलेल्या जागा पुसल्या गेल्या, तेव्हापासून तो प्रत्येक जागा घरच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवायचा. तो लॅपटॉप सुरूच होत नव्हता. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि घरातलं यंत्र बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्या आतली हार्ड डिस्क दुकानातल्या जुन्या मशीनला बसत नव्हती, आणि ती बाहेरून जोडायचं साधन मिळणार कुडाळला. तेवढा वेळ कुणाकडे होता?

माझ्याकडे लिनक्स या दुसऱ्या प्रणालीची लाइव्ह सीडी आहे. ती घातली की मशीन त्या सीडीवरूनच चालतं, आणि आतल्या फायली हात न लावता वाचता येतात. मी ती लावली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि मध्येच थांबल्या. शेवटची ओळ होती ‘कर्नल पॅनिक’. कर्नल म्हणजे सगळ्याचा गाभा, तोच कोलमडला. यापुढे कळ दाबा नाहीतर नवस बोला, काही होत नाही. बंद करून पुन्हा सुरू करायचं.

दारात वाडीतला बाबली उभा होता, हातात होडीची चावी. अजयशी त्याचं मासळीवरून कायम वाजायचं, पण सगळ्यात आधी निघायला तयार झालेला तोच.

“वहिनी, गावता काय?”

“थांबा जरा.”

सीडीवर चरा पडला असेल म्हणून ती दुकानातल्या मशीनमध्ये घातली, तर तिथे सुरळीत चालली. म्हणजे दोष लॅपटॉपचाच. मग पडद्यावरचं चित्र साध्या पद्धतीने दाखव, अशी सूचना टाइप करून पुन्हा सुरू केलं. ओळी पुढे गेल्या, वेगळ्याच ठिकाणी अडकल्या. पुन्हा केलं. या वेळी आणखी तिसरीकडे. बाहेर माडांच्या झावळ्या आपटत होत्या आणि प्रत्येक आवाजाबरोबर मला ती छोटी होडी आडवी झालेली दिसत होती. मी स्वतःलाच शिवी घातली आणि डोकं चालवलं. एकच दोष असता तर गाडी दर वेळी एकाच जागी अडली असती. दर वेळी वेगळीकडे कोसळते, म्हणजे दोष मेमरीत.

मागचं झाकण उघडलं. मेमरीच्या दोन्ही पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं. खाऱ्या हवेत खिडकीपाशी ठेवलं की असंच व्हायचं. खोडरबर घेतला आणि दात घासले. पहिली पट्टी एकटीच बसवली, तर पुन्हा पॅनिक. ती काढून दुसरी बसवली. ओळी धावल्या, धावत राहिल्या, आणि पडदा निळा झाला. लिनक्स उघडलं होतं. मला रडू आलं, पण रडायला फुरसत नव्हती.

फाइल सापडली. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुकानातल्या मशीनच्या नकाशावर उघडली. समुद्रावर ठिपके उमटले. नवी जागा सापडली की अजय काही दिवस तिथेच जायचा, म्हणून सगळ्यात नव्या तारखेचा ठिपका मी बाबलीला दाखवला आणि तो वळणार इतक्यात मागे बाकावर बसलेले दाजी पुढे झाले. त्यांनी दुसऱ्याच ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यावर अजयने ‘दाजी’ असं लिहिलं होतं.

“हो जागो खोटो, गो. हयसर चिखल आसा. माझा खडप हयसर नाय.”

मला काही कळेना.

“लिवतलंस तर खोटा लिव, ह्या मीच त्याका शिकयलंय,” दाजी म्हणाले. “सगळेच जागे एकसारखे सरकवलेले असतले.”

होड्या चुकीच्या दिशेला गेल्या असत्या. आणि दाजींच्या खडपाची खरी जागा कळली, तरच किती सरकवलंय ते कळणार होतं. मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी बाबलीकडे पाहिलं. ते खडप शोधण्यात बाबलीच्या बापाचं आयुष्य गेलं होतं.

बाबलीने मान खाली घातली. “मी भायर रवतंय,” तो म्हणाला.

“नको. रव हयसरच,” दाजी म्हणाले. “तुकाच जावचा आसा.”

मग त्यांनी सांगितलं. खडपावर होडी असली की समुद्रातल्या किल्ल्याचा दक्षिणेकडचा बुरूज मागच्या डोंगराच्या रेषेत दिसायला हवा, आणि निवतीचा दीपस्तंभ शेजारच्या खडकाच्या रेषेत. मी नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या. त्या जिथे एकमेकींना छेदल्या, तिथून ‘दाजी’चा ठिपका बराच उत्तरेला होता. तेवढंच अंतर मी नव्या ठिपक्याला दक्षिणेकडे नेलं आणि आकडे बाबलीच्या फोनवर पाठवले. तो धावतच गेला.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट. गणितात चूक झाली असेल का? रेष वाकडी गेली असेल का? दाजी बाकावर बसून राहिले होते. मी चहा केला, तो कुणीच प्यायला नाही. मला वाटत होतं, मी नवऱ्याला चुकीच्या पाण्यात शोधायला माणसं पाठवली आहेत.

उन्हं उतरताना फोन वाजला.

“वहिनी, अजय गावलो,” बाबली ओरडून बोलत होता. “इंजिन बंद पडलेला, फोन भिजलेलो. नांगर घालून बसलो हा. घ्या, बोला.”

वाऱ्याचा आवाज आला. मग अजय.

“जागो कोणी दिल्यान?”

माझं डोकंच फिरलं. दिवसभर माझा जीव टांगणीला, आणि याला पडलीय जागेची.

“आमी दिलाव. दाजींनी आणि मी. राग इलो?”

 

“नाय गो,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. “रातभर मी आठवत होतंय, हो जागो कोणाक तरी सांगलंय काय. कोणाकच सांगूक नाय.”