निळ्या खडूची वर्तुळं

आमच्या समोरच्या माडीवर दामिनी भाड्यानं राहायला आली तेव्हा एवढी तरणी पोरगी नांदेड सोडून लातूरला एकटीच कशाला आली असेल, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं नगरभवन आहे, सगळं उघड्या सिमेंटचं, दर्शनी बाजूला ऊन अडवणारी मोठी जाळी. ते पाडायचं की राखायचं, हे तिच्या तपासणीवर ठरणार होतं. तिचे वडील एके काळी तिथल्या रंगमंचावर नाटकात उभे राहायचे. आता ते नव्हते, आई नव्हती, आणि वडिलांना जिथं पाहिल्याचं तिला आठवत होतं अशी ती एकच जागा उरली होती.

डब्याचं निमित्त काढून मी दुपारी तिथं जायची. ती छोट्या हातोडीनं भिंत हलकेच ठोकायची, कान लावायची, आणि आतून पोकळ वाजलं की तिथं निळ्या खडूनं वर्तुळ काढायची.

"डॉक्टरीणबाई, पेशंट वाचंल का?" राखणदार मल्लिनाथ चिडवायचा.

ती हसायची नाही. भिंती, खांब वर्तुळांनी भरत चालले होते.

मग एका सकाळी ती धावतच माझ्याकडे आली. काल पोकळ वाजलेला खांब आज भरीव वाजत होता.

"तुझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल," मी म्हटलं. पण मल्लिनाथनं ठोकून पाहिलं, मीही पाहिलं; खांब दगडासारखा टणक. त्यानंतर रोज कुठलं तरी वर्तुळ ती ओल्या फडक्यानं पुसायची, अगदी लेकराचं तोंड पुसावं तसं. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान दिसू लागलं, आणि माझा डबा मात्र भरलेलाच परत येऊ लागला. पत्र्याच्या जिन्यावरून ती उतरली तरी पावलं वाजत नव्हती.

"वाळून चाललीस की गं लई."

"न्हाई हो काकू. बरंय माझं."

रविवारी तिला बळंच अंगणात बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं. केस बाजूला सारले, तर मानेखाली निळं वर्तुळ. खडू लागला असेल म्हणून पदरानं पुसलं, जाईना. एव्हाना मलाही खोड लागलेली. बोटाचं पेर वाकवून मी तिथं हलकेच ठोकलं.

रिकाम्या रांजणातून यावा तसा आवाज आला आणि बराच वेळ आत घुमत राहिला.

ती मागं वळली नाही.

"हळू, काकू," ती म्हणाली, "आता एकच खांब राहिलाय."