बंडखोर समुद्र आणि हिरवा धागा

थोरलीचा समुद्र उलटा निघाला. असं काही घडलेलंच नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण तिच्या प्रयोगशाळेची अधिकृत भूमिकाही तीच आहे. तेव्हा पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे जावं.

तर, समुद्र सुलटा होता आणि थोरली मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती. घरी ती थोरली. एकदा धाकट्या भावाने प्रयोगशाळेत फोन करून ‘थोरली आहे का’ विचारलं, तेव्हापासून इथेही तेच नाव चिकटलं.

उष्ण कटिबंधातला समुद्र लाख-दीड लाख वर्षांपूर्वी किती खारट होता, हे शोधणं तिचं काम. चाखून बघायला ते पाणी शिल्लक नव्हतं. होता तो समुद्रतळातून उपसलेला नळीभर गाळ. गाळ थरावर थर साचतो. वरचा थर कालपरवाचा, तळाचा अतिप्राचीन. त्यात समुद्रातल्या सूक्ष्म जिवांची मिठाच्या कणाएवढी कवचं असतात. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचं, धुवायचं, यंत्रात घालायचं. यंत्राच्या उत्तरातून पाण्याची उष्णता वजा केली की खारटपणा उरतो. उबेच्या, भरपूर पावसाच्या काळात समुद्र जरा गोडावतो, थंडीच्या कोरड्या काळात खारटतो. बस, एवढंच. एवढ्यासाठी तिची मान कामातून गेली होती आणि उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याच्या दुप्पट झाला होता.

आई रोज फोनवर विचारायची, झालं का तुझं समुद्राचं. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे की पोरगी मिठात आहे, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटायचं धंदा बरा चाललाय. धाकट्याला फक्त मिठाची एक्सपायरी डेट हवी होती.

जगभरच्या गाळात एक गोष्ट ठरलेली दिसते: थंडीचं युग रांगत रांगत येतं आणि ऊब धाडकन. थोरलीच्या आलेखात थंडी धाडकन आली होती आणि ऊब रांगत. हे पाहून तिचे मार्गदर्शक सर इतके हरखले, की त्यांनी आलेख फ्रेम करून भिंतीवर टांगला. प्रबंधाचं नावही त्यांनीच ठेवलं, ‘बंडखोर समुद्र’. तो सोमवारी सादर करायचा होता, आणि त्याच दिवशी फेलोशिप संपत होती. त्यानंतरचा थोरलीचा बेत साधा होता: कोणीतरी तक्रार करेपर्यंत झोपायचं.

नळीच्या तळाचा शेवटचा नमुना तेवढा राहिला होता. तिने तो मायक्रोस्कोपखाली घेतला, आणि त्यात हिरवा धागा होता. नायलॉनचा, मासेमारीच्या जाळ्याला असतो तसा, गाळात चांगला रुतलेला. दीड लाख वर्षांपूर्वी कोणी नायलॉनचं जाळं टाकून बसलं असेल, तर त्याचा सत्कार करायला हवा होता.

मग तिला तो गाळ उपसला ते जहाज आठवलं. नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण लावायचं, खालच्या टोकाला काळं. ती टोपणं तिनेच लावली होती, बोट लागल्यामुळे दोन ओकाऱ्यांच्या मधल्या सवडीत. त्या घटकेला तिच्या हिशोबाने आकाश खाली होतं.

सरांनी धागा बराच वेळ पाहिला.

“तुझ्या स्वेटरचा असेल.”

“माझा स्वेटर राखाडी आहे, सर.”

“मग माझ्या शर्टाचा.”

शर्ट पांढरा होता. दोघंही थोडा वेळ त्या शर्टाकडे बघत राहिले.

“टोपणं उलटी लागलीत, सर. आलेख फिरवला की समुद्र सगळ्यांसारखाच येतो.”

“सगळ्यांसारखाच,” सर म्हणाले, जवळचं कोणी गेल्याच्या सुरात. मग त्यांनी तिला नीट समजावलं. धागा दिसला नसेल, तर सोमवारी ती डॉक्टर. दिसला असेल, तर प्रबंध शेवटापासून सुरुवातीपर्यंत नव्याने लिहायचा आणि मुदतवाढीचा अर्ज करायचा. अशी मुदतवाढ आजवर एकालाच मिळाली होती, पण ती मिळेतो तो निवृत्त झाला होता.

“आणि धागा पाहिलाय कोणी?” सरांनी विचारलं.

“आपण दोघांनी.”

“मी चष्मा पुसत होतो,” सर म्हणाले, आणि खरंच पुसायला लागले.

थोरली जागेवर येऊन बसली. गप्प राहणं सोपं होतं. पण सोमवारी परीक्षकांसमोर तासभर उभं राहून तो बंडखोर समुद्र पटवून द्यायचा होता, आणि उद्या कोणी भाबडा त्यावरून पुढच्या पावसाचं गणित मांडणार होता. एवढं खोटं ओढायला अंगात त्राण लागतं. ते तिच्याकडे नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“झालं का गं?”

“झालं होतं, आई. आता उलटं करायचंय.”

“मोज्यासारखं?”

“हो, मोज्यासारखं.”

“मग त्याला कितीसा वेळ,” आई म्हणाली.

थोरलीने धागा चिकटपट्टीने कागदाला लावला आणि त्याच्याखाली लिहायला घेतलं:

“महोदय, माझ्या प्रबंधास एक वर्षाची मुदतवाढ मिळावी. ती नियमात बसत नसल्यास, उष्ण कटिबंधातील समुद्राने आपली मागील दीड लाख वर्षे येत्या सोमवारपूर्वी उलट क्रमाने पुन्हा पार पाडावीत, असे आदेश आपल्या कार्यालयामार्फत त्यास देण्यात यावेत, ही नम्र विनंती.”