सेंट जॉन्समधला ‘स’

ज्याला आपण चुकीबद्दल बोललो तोच बरोबर होता, हे उमगण्याचा क्षण मोठा कठीण असतो. कारण त्या वेळी गप्प राहणे सोपे असते आणि बोलणे आवश्यक.

ओडेट स्युरेटने पडद्यावरची ओळ तिसऱ्यांदा वाचली आणि कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला. हॅलिफॅक्स बंदरात कोणता कंटेनर कोणत्या थप्पीत ठेवायचा आणि कोणत्या जहाजावर चढवायचा, हे ती ठरवीत असे. डायलिसिसच्या द्रावाचा एक कंटेनर तिने मुख्य भूमीवरच्या सेंट जॉन या शहराच्या थप्पीत घातला होता. रुग्णालयाचे पत्र आता आले: तो सेंट जॉन्सला, न्यूफाउंडलंड बेटावर हवा होता, आणि तिथला साठा चारच दिवसांचा उरला होता. बेटाचे जहाज दोन वाजता सुटणार, पुढचे आठवड्याने. साडेबारा वाजून गेले होते.

फाटकावर नोंदी करणाऱ्या, मूळच्या त्याच बेटावरच्या वृद्ध विल्फ्रेड पार्सन्सने नाव अचूक लिहिले होते. शेवटचा ‘स’ तिनेच परवा खोडला होता आणि सर्वांदेखत म्हणाली होती, “काका, तुमचं बेट सगळीकडे घुसवू नका हो!” सगळे हसले होते. विल्फ्रेड टोपी सारखी करून निघून गेला होता.

‘स’ कोणी खोडला, हे नोंदीत दिसत नव्हते. ओडेट क्षणभर त्या ओळीकडे पाहत राहिली. मग तिने वॉकीटॉकी उचलला. त्यावरचे बोलणे साऱ्या धक्क्यावर ऐकू जाई.

“मर्डॉक, सेंट जॉनच्या थप्पीतून एक डबा काढायचाय. तळाशी असेल, वरचे सगळे उतरवावे लागतील. चूक माझी आहे. विल्फ्रेडकाकांनी बरोबर लिहिलं होतं.”

क्रेनवरून मर्डॉकचे हसू आले.

“उतरवू काय, कपाळ? तुझा डबा सगळ्यात वर बसलाय, महाराणीसारखा.”

“वर? दोन दिवस झाले की त्याला!”

“म्हातारा सोडतोय का मला! ‘याच्यावर काही ठेवलंस तर बघ,’ असा सकाळ-संध्याकाळ दम. शेजारी थप्प्या लावून लावून जीव गेला माझा.”

ओडेट जवळजवळ धावतच फाटकाशी पोहोचली. विल्फ्रेड काकवी लावलेला पाव खात होता.

“काका, परवा मी—”

“ऐकलं. एकाच्या ठोक्याला मीच येणार होतो भांडायला. सगळी तयारी फुकट घालवलीस, पोरी.”

“मग तेव्हाच का नाही ओरडलात माझ्यावर?”

“एवढ्या माणसांसमोर?” विल्फ्रेड म्हणाला आणि उरलेला पाव त्याने तिच्यापुढे सरकवला.

ओडेट समोरच्या बाकावर बसली आणि पाव खाऊ लागली.

खिडकीबाहेर तो कंटेनर सावकाश उचलला जाऊन जहाजावर विसावला. पलीकडच्या तीरावर त्याची वाट पाहणाऱ्यांना उदंड आयुष्य लाभो. आणि त्या फाटकाजवळ बसलेल्या दोघांचे कल्याण असो.