आदेरितोची कुऱ्हाड

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. आदेरितो म्हणेल, माझा खांदा काय चव्हाट्यावर मांडायचाय का? तरी लिहितोय.

आम्ही ग्रांदोलाच्या डोंगरात ओकची साल सोलतो. बाटल्यांची बुचं होतात ना, ती साल. एका झाडाला दोन माणसं, दोन कुऱ्हाडी. माझा जोडीदार आदेरितो. वयाने बापासारखा, पण दोस्त. वरची साल कापायची आणि दांड्याचं टोक फटीत घालून उचकटायची. तिच्याखाली पातळ साल असते, तिला आम्ही आई म्हणतो. आईला घाव बसला की त्या जागी परत धड साल येत नाही. झाड जगेल तोवर व्रण.

हिवाळ्यात आदेरितोचा खांदा गेला. पुढच्या मोसमात मुकादम त्याला कुऱ्हाडीवर घेईल की नाही, हीच त्याला भीती. म्हणून त्याने उत्तरेतल्या लोहाराकडून कुऱ्हाड बनवून घेतली. दोनशे युरो! माझी जत्रेतली, पंचवीसची.

"लग्न करतोस की काय हिच्याशी?" मी म्हटलं.

"तुझी ती लोणी लावायची सुरी सांभाळ, लेका."

मी त्याची चालवून बघितली. खरं सांगतो, सोनं होतं. जोर लावायलाच नको. दुपारी मी धार लावत बसायचो, तेव्हा तो पुढच्या झाडाला भिडलेला असायचा. मोसमाचा पहिला आठवडाभर मुकादम किटेरियोलाही बोट ठेवायला जागा नव्हती.

मग ते ओढ्याकाठचं जुनं झाड. साल सुटी असली की घाव पोकळ वाजतो, चिकटलेली असली की कोरडा. कोरडा वाजला. तिथे हात आखडायचा असतो. त्याचा आखडला नाही. पातं लोण्यात गेल्यासारखं आईत गेलं, वीतभर लांब.

आदेरितोने कुऱ्हाड खाली टेकवली.

किटेरियो आला. जखमेवरून अंगठा फिरवला. माणूस वाईट नाही तो. म्हणाला, "नवी कुऱ्हाड आहे. हाताला बसली नसेल अजून. उद्यापासून जुनी आण."

मीही लगेच, "हो ना मुकादम, फारच धार आहे हिला!"

एवढ्यावर सुटला असता. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," आदेरितो म्हणाला. "मी पाठवली तिथेच गेली ती. हात थांबला नाही."

किटेरियोने टोपी काढली, परत घातली. "मग उद्यापासून साली रचायला ये."

दुपारी सावलीत आदेरितोने पाव मोडला, पण खाल्ला नाही. मी चिडलो होतो. "काय गरज होती? आणि पैसे गेले ते वेगळेच."

"पैसे वसूल झाले," तो म्हणाला. "जुन्या कुऱ्हाडीवर अजून दोन मोसम मी हाताऐवजी बोथट धारेला शिव्या दिल्या असत्या. आणि तेवढी झाडं नासवली असती." कुऱ्हाड माझ्या मांडीवर ठेवली. "घे. पैसे काढलेस तर थोबाडीत देईन. भिंतीवर टांगू नकोस."

"नाही टांगणार."

"आणि हात चुकला तर?"

मी म्हटलं, "तर मुकादमाने विचारायच्या आधी मीच सांगेन, माझा हात चुकला. कुऱ्हाडीचं नाव घेणार नाही. शब्द देतो, आदेरितो."