सात नंबरच्या तंबूवरचा हात

समुद्रावरून धुकं चढायला लागलं की कोरियातल्या हेमुरीच्या किनाऱ्यावर माणसं पळत सुटायची. पायात चपला आहेत की नाहीत, याचंही भान नसायचं. कुणी सोलहून रातोरात गाडी हाणत आलेलं, कुणी छातीशी मेलेल्या माणसाचा फोटो धरलेला, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, सात नंबरच्या तंबूकडे.

तंबू म्हणजे काही फाटकं पाल नव्हतं. आत गादीचा पलंग, छोटा फ्रीज, गरम पाण्याचा नळ, बाहेर मांस भाजायची शेगडी आणि दाराशी दिव्यांच्या माळा. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. रानात राहायची हौस तर आहे, पण पाठीला खडा टोचलेला खपत नाही, अशा लोकांची ही सोय. जागेचा मालक योम. मध्यंतरी त्याचे तंबू ओस पडायला लागले आणि नेमका त्याच सुमारास त्याला साक्षात्कार झाला. तेव्हापासून तो पांढरा अंगरखा घालून फिरायचा आणि लोक त्याला योम दोसा म्हणायचे, म्हणजे सिद्धपुरुष.

चमत्कार असा होता. समुद्रानं नेलेला माणूस धुक्यातून चालत येतो आणि आपल्या माणसाच्या तंबूवर हात ठेवतो. एरवी तंबूचं कापड कोरं करकरीत पांढरं. धुक्यानं ते भिजून काळपट व्हायला लागलं की मधोमध एक पंजा तेवढा पांढरा राहायचा. पाच बोटं उघडलेली. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोला.

म्हातारी मालसुन या तंबूत दोन महिने राहत होती. जन्मभर कालवं फोडून तिचे हात खरबरीत झालेले. तिचा एकुलता एक मुलगा दोक्सू दोन वर्षांपूर्वी खेकड्यांच्या हंगामात होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. प्रेत नाही म्हणून तिनं त्याचं श्राद्ध कधी घातलंच नाही. उलट रोज सकाळी त्याच्या वाट्याचा गरम भात वाडग्यात काढायची, वर झाकण ठेवायची आणि संध्याकाळी स्वतः तो गार भात खायची.

पहिल्यांदा तो पंजा दिसला तेव्हा ती जरा चपापली होती. दोक्सूच्या उजव्या हाताचं तर्जनीचं बोट जाळं ओढायच्या यंत्रात सापडून अर्धं तुटलं होतं. इथे तर पाचही बोटं पुरी. तिनं भीत भीत विचारलं, तेव्हा योम दोसानं डोळे मिटून सांगितलं, "आजी, समुद्र अर्धवट काही ठेवून घेत नाही. तुटलेलं तो जोडून देतो."

म्हातारी ढसाढसा रडली. पोराचं बोट परत आलं, याचंच तिला केवढं सुख झालं. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली. योमनं तिला आणि तिच्या सात वर्षांच्या नातीला, सेबोमला, तंबूत फुकट ठेवून घेतलं. उपकार कसले? भिजक्या कापडावरच्या पंजाला गाल लावून उभी असलेली आजी आणि शेजारी तिची नात, असा फोटो देशभर फिरला होता. त्याहून चांगली जाहिरात त्याला कुठे मिळणार होती!

दोक्सूची बायको मीरान इंचनला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिला अखेर दोघींपुरती खोली मिळाली आणि लेकीला न्यायला ती आली. लगेच योम दोसाला मृताचा निरोप आला. बाप म्हणतोय, पोरीला समुद्रापासून तोडू नका. तिला नेलीत तर मी परत येणार नाही.

"आई, तिला शाळा हवी, मैत्रिणी हव्यात," मीरान म्हणाली. "तिनं किती दिवस कापडाशी बोलायचं?"

"कापड नाही ते. तिचा बाप आहे."

"आई, तो गेला हो."

"त्याचा भात झाकून ठेवलाय मी. गेला म्हणू नकोस."

मीराननं त्या झाकलेल्या वाडग्याकडे पाहिलं. नवरा तिचाही गेला होता, पण सासूपुढे तिला कधी रडताच आलं नव्हतं. शेवटी सासूनंच तोड काढली. उद्या धुकं पडेल. हात आला तर पोर इथेच राहील, नाही आला तर तू घेऊन जा. मीराननं नाइलाजानं होकार दिला. हात येणार, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी शेगड्या पेटल्या. तंबूतंबूपुढे डुकराचं मांस चरचरत होतं आणि जो तो सेबोमला हाक मारून पानात गुंडाळलेला घास भरवत होता. पोरगी कोपरापर्यंत तुपकट झाली. त्या हातांनी ती कुठे गेली, काय केलं, कुणी बघितलं नाही.

सकाळी धुकं असं दाटलं की समुद्र नुसता ऐकू येत होता. कापड भिजत गेलं आणि मोठा पंजा उमटला. योम दोसानं हात पसरले. "आला! लाटांचे सात दरवाजे उघडून आला. आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आला!" मीराननं लेकीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोट दाखवलं. मोठ्या पंजाच्या खाली, त्याला बिलगून, एक इवलासा पंजा उमटत होता.

योमचे डोळेच पांढरे झाले. हा माल त्याच्या दुकानातला नव्हता. पण गिऱ्हाईक समोर असताना दुकानदार गप्प बसतो होय? घसा खाकरून त्यानं सुरू केलं, "बुडालेलं लेकरू आहे हे! दोक्सूनं त्याला बोटाला धरून आणलंय. आईला शोधतंय बिचारं."

देजॉनहून आलेली एक बाई मटकन गुडघ्यांवर बसली. तिची सहा वर्षांची मुलगी गेल्या उन्हाळ्यात बुडाली होती. ती रांगत पुढे गेली आणि त्या इवल्या पंजावर कपाळ टेकून लेकीला हाका मारायला लागली.

सेबोम आजीच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "आजी, तो माझा हात आहे."

"गप, बाळा."

"खरंच माझा आहे. काल मांस खाऊन मी तिथे ठेवला. बाबांना धरायला कुणाचा हातच नव्हता." पोरगी त्या रडणाऱ्या बाईकडे बघत होती. "आजी, मग मीपण मेले का?"

मालसुनच्या काळजाचं पाणी झालं. तिनं नातीचा पंजा उचलून कापडावरच्या पंजाशी लावला. बरोब्बर बसला. जवळ जाऊन वास घेतला, तर भाजल्या मांसाचा वास. मग तिनं मोठ्या पंजावरून नख ओढलं. नखात पांढरं मेण आलं.

मेण! दोक्सूच्या कामाच्या जाड कापडी एप्रनला वीस वर्षं तिनंच मेण घासलं होतं. मेण किंवा चरबी लागलेल्या जागी कापड पाणी पीत नाही. बाकीचं भिजून काळवंडतं, तेवढी जागा कोरी राहते. हे तिला हेमुरीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ठाऊक असून तिला दिसलं नव्हतं, कारण तिला बघायचंच नव्हतं.

ती पाण्याची किटली घेऊन आठ नंबरच्या तंबूकडे गेली. त्यावर ताडपत्री होती, पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे होते. योम आडवा आला. शंका घेतली तर आत्मे दुखावतात म्हणाला. मीराननं त्याला बाजूला सारलं आणि ताडपत्री ओढली. म्हातारीनं पाणी ओतलं.

तोच पंजा. तीच बोटं, करंगळीच्या मुळाशी तीच सुरकुती, रबरी हातमोज्याला पडते तशी. असले हातमोजे तिनं आयुष्यभर घातले होते. पाहुणे अजून यायचे होते आणि त्यांचा मेलेला माणूस आधीच येऊन बसला होता. नऊ नंबरवर तोच, दहावर तोच. तोवर योम गाडीकडे सटकला होता, अंगरखा चिखलात लोळवत.

देजॉनची बाई तिथेच बसून होती. "आजी, कशाला उघडं पाडलंत? मला क्षणभर तरी भेटली होती ना ती."

मालसुन तिच्यापाशी बसली. "मलाही हवं होतं गं. हवं होतं म्हणूनच फसले. एका मेणाच्या डागासाठी मी या जित्या पोरीचं आयुष्य इथे बांधून घालणार होते." मग ती गर्दीकडे वळली. "दुःख झालेल्या माणसाला कुणी काही दाखवलं, तर आधी त्यावर पाणी ओतून बघा. आमचे डोळे भरलेले असतात, आम्हाला दिसत नाही. तुम्ही तरी बघा. नुसते फोटो काय काढता?"

दुपारी गावातल्या आपल्या घरी येऊन तिनं दोक्सूचं पहिलं श्राद्ध घातलं. भाताच्या वाडग्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं नाही. मीरान तेव्हा रडली, दोन वर्षांचं सगळं रडली, आणि सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

इंचनची बस यायच्या वेळी मालसुननं सेबोमचा उजवा पंजा हातात घेतला आणि तर्जनीचं पुढचं अर्धं बोट मुडपलं.

"तुझ्या बाबाचं हे बोट इथपर्यंतच होतं. कुणी पुरं दाखवलं तर तो तुझा बाबा नव्हे. विसरायचं नाही."

पोरीनं मान हलवली. बस वळणाआड जाईपर्यंत ती काचेवर पंजा टेकून होती, ते एक बोट मुडपून.