एकाच खोक्यातल्या दोन

दुरुस्तीवालीने हार्ड डिस्कला वायर जोडली आणि डिस्क कानाशी धरली. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता. तिने लगेच वायर काढली.

“गेली?” धाकट्याने विचारलं.

गेल्यातच जमा होती. उघडून बघते, पण भरवसा धरू नका, असं तिने स्पष्टच सांगितलं. धाकट्याला तशी फार काळजी नव्हती. दुसरी प्रत ताईकडे होती.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांना बोलता येणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, तेव्हा भावंडांनी त्यांचा आवाज साठवून घेतला होता. बाबा सुचेल ते बोलले. शेजाऱ्यांना शिव्या घातल्या, नातीला गोष्टी सांगितल्या. तेव्हा आई होती, तिची तर मनसोक्त चेष्टा केली. हे सगळं ठेवायला डिस्क कुठल्या कंपनीची घ्यायची, यावर धाकट्याने महिनाभर डोकं शिणवलं. कुणाच्या तापतात, कुणाच्या वर्षभरातच मान टाकतात, सगळे तक्ते त्याला तोंडपाठ झाले. बायको शोधताना एवढी चौकशी केली नव्हतीस रे, असं ताई चिडवायची. शेवटी सगळ्यात भरवशाच्या कंपनीच्या दोन डिस्क त्याने आणल्या. एक स्वतःकडे ठेवली, एक ताईकडे दिली. बाबा तिच्याकडेच राहत होते.

दुरुस्तीवालीने डिस्क उलटी करून तिच्यावरचा नंबर वाचला.

“दुसरी कुठल्या कंपनीची?”

“हीच. सगळ्यात चांगली हीच आहे.”

“आणि घेतली कधी?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या. दुकानदाराने एकाच खोक्यातून काढून दिल्या होत्या, नंबरसुद्धा लागोपाठचे. त्याला तेव्हा उलट बरंच वाटलं होतं. कंपन्या त्याने डोळ्यांत तेल घालून पारखल्या, पण एकीत बनतानाच खोट राहिली असेल तर ती दुसरीतही असणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“घरी अजिबात चालू करू नका,” ती म्हणाली. “तशीच इथे आणा. आधी मी सगळं उतरवून घेते.”

त्याने घाईघाईने फोन लावला. ताईने बऱ्याच वेळाने उचलला.

“अरे, आत्ताच डिस्क लावलीय. बाबांनी खुणेने मागितली. तूही ऐक.”

तिने फोन पुढे धरला असावा. बाबांचा खणखणीत आवाज आला. “अगं, चष्मा काय शोधतेयस? तुझ्याच डोक्यावर आहे तो!” मग आईचं हसू. आणि त्या हसण्यामागे, बारीक, टक, टक.

दुरुस्तीवालीलाही ते ऐकू गेलं. “बंद करायला सांगा,” ती हळूच म्हणाली.

“ताई...”

“थांब रे जरा. बाबा ओठ हलवतायत. बरोबरीने बोलतायत.”

फोनमधून आई पुन्हा हसली. टक, टक. दुरुस्तीवाली त्याच्याकडे बघत राहिली.

“काय म्हणत होतास?” ताईने विचारलं.

धाकट्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

“काही नाही,” तो म्हणाला. “आवाज वाढव थोडा.”