रडणारा मचवा

चाकणजवळच्या माळावर, गोदामांच्या मागे एक जुना लाकडी मचवा उभा होता. समुद्र पार घाटाखाली राहिलेला, तरी मचवा रडत होता! पुढच्या टोकाला रंगवलेल्या डोळ्यांतून खारं पाणी टपकायचं. शिफ्ट सुटली की कामगार थेट रांगेत. मचव्यावर बसलेले दर्याबाबा गरजायचे, "सागराचे अश्रू आहेत हे! बीपी, शुगर, सासूचा स्वभाव, सगळं उतरतं!"

रांगेत योगिनी आईला धरून उभी होती. मचवा तिच्या वडिलांचा, अण्णांचा. त्यांच्या कोकणातल्या गावात शिडावर मासेमारी करणारा शेवटचा. अण्णा वादळात गेले, मचवा तेवढा परत आला. तिच्या थोरल्या भावाने, निरंजनने तो बाबांना अर्पण केला होता.

बाबांनी डोळे मिटून घोगरा आवाज काढला, "मोत्ये, रडू नको गो!"

योगिनीची आई, कौशल्याबाई मटकन खाली बसल्या. नवरा त्यांना घरात याच नावाने हाक मारायचा. योगिनीच्याही अंगावर काटा आला.

त्या दिवसापासून आईने बीपीच्या गोळ्या सोडल्या आणि ते पाणी पिऊ लागली. थोड्याच दिवसांत पाय सुजले, डोकं गरगरू लागलं. योगिनीने तिला दवाखान्यात नेऊन सगळं सांगितलं.

"बीपीच्या पेशंटला मिठाचं पाणी पाजताय?" डॉक्टर विजयश्री कडाडल्या. "आणि ते नाव आणखी कोणाला माहीत होतं?"

योगिनी बोटांवर मोजू लागली. आईला, तिला... आणि दादाला.

रविवारी आईला गर्दीत उभं करून ती मचव्यावर चढली.

"बाईनं पाय लावायचा नाही!" बाबा ओरडले.

"माझ्या बापाचा मचवा आहे हा!" तिने तळाची फळी उचकटली. खाली निरंजन अंग चोरून बसलेला. मांडीवर मिठाच्या पाण्याचा कॅन, हातात छोटा पंप, त्यातून सलाइनच्या नळ्या मचव्याच्या डोळ्यांपर्यंत नेलेल्या.

"दादा, आईचं नावसुद्धा विकलंस?"

"योगे, लोकांना बरं वाटतं गं..."

तिने नळ्या उपटल्या. मचव्याचे डोळे कोरडे पडले. बाबांनी पलीकडून उडी टाकून पोबारा केला.

कौशल्याबाई पुढे आल्या. "ह्यांचा आवाज ऐकला म्हणून मी देवापुढं रोज दिवा लावत होते रे," एवढंच त्या लेकाला म्हणाल्या.

योगिनी गर्दीकडे वळली. "लाकूड रडत नाही. दुखलंखुपलं तर दवाखान्यात जा. आणि गेलेल्या माणसाचा निरोप कोणी घेऊन आलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, याला हे सांगितलं कोणी?"